पुण्यात भाड्याने घर घेताना परिसर किती सुरक्षित आहे, हे कसं तपासायचं

गेल्या जूनमध्ये माझ्या मावसभावाने एका फ्लॅटचं लोकेशन पाठवलं आणि खाली लिहिलं, "ताई, हा एरिया सेफ आहे का?" मी पुण्यात राहते म्हणून माझं "हो" किंवा "नाही" त्याला पुरलं असतं. मी दोन्ही लिहिलं नाही. परभणीहून मी २०१७ साली पुण्यात आले, तेव्हा मीही हाच प्रश्न चार जणांना विचारला होता आणि चौघांनी एकच उत्तर दिलं होतं, "चांगला एरिया आहे, बिनधास्त राहा." त्याच चांगल्या एरियात, सोसायटीच्या पार्किंगमधून, दुसऱ्या वर्षी माझी गाडी चोरीला गेली. चोरीपेक्षा पुढच्या तीन दिवसांनी जास्त मनस्ताप दिला. आमची हद्द नेमक्या कोणत्या पोलीस ठाण्याची, हेच मला माहीत नव्हतं.

नंतर मी आणखी दोन घरं बदलली आणि दर वेळी थोडं थोडं शिकत गेले. भावासाठी ते सगळं एका कागदावर उतरवलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, पण कायदा आणि पोलिसांचं संकेतस्थळ सगळ्या महाराष्ट्राला एकच आहे, त्यामुळे नाशिक-नागपूरकरांनाही हे वापरता येईल.

आधी एवढं गोळा करून ठेवा

- घराचा नेमका पत्ता, इमारतीच्या नावासह. "अमुक चौकाजवळ" एवढ्याने काम भागत नाही.
- आधार आणि पॅन (करारासाठी), पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- नोकरीचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र
- मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. *#०६# दाबल्यावर दिसतो. तो कागदावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर फोनमधली नोंद काय कामाची?
- गाडीच्या आरसीची प्रत आणि चॅसिस क्रमांक
- एक वही आणि तीन मोकळ्या वेळा: एक सकाळ, एक संध्याकाळ, एक रात्र

## १. शहराच्या आकड्यावरून गल्लीचा अंदाज बांधू नका

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, देशभरातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल काढतो. त्यात वीस लाखांहून जास्त लोकसंख्येच्या १९ महानगरांचे आकडे वेगळे असतात. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर त्यात येतात. अहवाल आला की "सर्वात सुरक्षित शहर" अशा बातम्या झळकतात आणि घर शोधणारे त्यांच्यावर विसंबतात.

या आकड्यांना तीन मर्यादा आहेत. पहिली, ते अख्ख्या शहराचे असतात. कोथरूड आणि हडपसर त्यात एकाच ओळीत बसतात. दुसरी, एक लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे हा दर काढताना महानगरांसाठी २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली जाते. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं आली, आयटीसाठी माणसं आली, पण भागाकार जुन्याच आकड्याने होतो. तिसरी मर्यादा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे *नोंदवलेले* गुन्हे आहेत. जिथे पोलीस तक्रार पटकन घेतात आणि लोकही ठाण्यात जायला बिचकत नाहीत, तिथला आकडा फुगतो. जिथे माणसाला परत पाठवलं जातं, तिथला आकडा कमी दिसतो. केरळचे आकडे वर्षानुवर्षं चढे दिसतात, त्यामागे नोंद करण्याची ही सवय मोठं कारण आहे.

म्हणून अहवाल बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, मला नेमकी भीती कशाची आहे? रात्री अकराला कंपनीच्या कॅबमधून उतरून गेटपर्यंत चालत जाण्याची? दिवसभर बंद राहणाऱ्या घराची? रस्त्यावर लावलेल्या गाडीची? आई-वडील सोबत राहणार असतील तर सकाळी फिरायला गेल्यावर गळ्यातली साखळी ओढली जाण्याची? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल आणि त्याप्रमाणे पुढे काय तपासायचं तेही वेगळं ठरेल.

## २. हद्द शोधा

माझं घोडं इथेच अडलं होतं, म्हणून यावर जरा थांबते.

पुणे परिसरात तीन वेगळ्या पोलीस यंत्रणा आहेत: पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. वाकड, हिंजवडी, चाकण, तळेगाव हा पट्टा त्यांच्याकडे आहे. महापालिकेची हद्द आणि पोलिसांची हद्द जुळतेच असं नाही. हिंजवडीत पोलीस पिंपरी-चिंचवडचे, स्थानिक कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. म्हणजे चोरीची तक्रार एकीकडे आणि बंद पडलेल्या दिव्याची दुसरीकडे.

त्यात २०२४ साली पुणे शहरात सात नवी पोलीस ठाणी झाली: आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ. बाणेर आधी चतुःशृंगी ठाण्याखाली होतं, खराडी चंदननगरखाली, वाघोली लोणीकंदखाली. जुना भाडेकरू किंवा एजंट तुम्हाला सवयीने जुन्याच ठाण्याचं नाव सांगेल.

आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर ठाण्यांची यादी असते. तिथून अंदाज घ्या आणि एकदा प्रत्यक्ष जवळच्या चौकीत जाऊन विचारा. "नमस्कार, मी इथे भाड्याने राहायला येतोय, ही सोसायटी तुमच्याच हद्दीत येते ना?" एवढंच म्हणायचं. लोक चौकीची पायरी चढायला घाबरतात, तसं काही कारण नाही. भाऊ असाच गेला, तेव्हा तिथल्या हवालदारांनी भिंतीवरचा हद्दीचा नकाशा दाखवला. ओढ्याच्या अलीकडची बाजू एका ठाण्याची होती आणि पलीकडची दुसऱ्या. त्याची इमारत पलीकडे होती आणि घरमालकाने अलीकडचं ठाणं सांगितलं होतं.

सावध: नकाशाच्या अॅपमध्ये "जवळचं पोलीस ठाणं" शोधलं तर ते अंतराने जवळचं दाखवतं. ते तुमच्या हद्दीचं असेलच असं नाही.

## ३. त्या ठाण्याच्या प्रथम खबरी वाचा

हे फार कमी लोक करतात, आणि सगळ्यात खरी माहिती इथेच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिल्यापासून प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, पोलिसांना संकेतस्थळावर टाकावा लागतो. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं यातून वगळली जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित प्रथम खबरींचा भाग आहे. तिथे जिल्ह्याच्या जागी तुमचं आयुक्तालय निवडा, मग पोलीस ठाणं, मग तारखा. सलग वर्ष मागू नका, एकेक महिना घ्या. एक महिना पावसाळ्यातला, एक दिवाळीचा आणि एक उन्हाळी सुट्टीचा असे तीन महिने वाचले तर बरंच कळतं. घरफोड्या सुट्ट्यांतच जास्त दिसतात, कारण तेव्हा घरं बंद असतात.

यादीत कलमांचे आकडे दिसतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे जुने ३७९-३८० आता दिसणार नाहीत. नवे हे ध्यानात ठेवा:

- ३०३ – चोरी (बहुतेक वाहनचोऱ्या यात येतात)
- ३०४ – हिसकावून नेणं: मोबाइल, मंगळसूत्र, साखळी
- ३०५ – राहत्या घरातली चोरी
- ३३१ – घरफोडी, म्हणजे कुलूप किंवा कडी-कोयंडा तोडून आत शिरणं
- ३०९, ३१० – जबरी चोरी, दरोडा
- ११८ – हत्याराने केलेली दुखापत
- ७४, ७८ – विनयभंग, पाठलाग
- २८१, १०६ – बेदरकार वाहन चालवणं, निष्काळजीपणाने मृत्यू
- ३१८ – फसवणूक

अहवाल उघडला की पहिल्यांदा घाबरायला होतं. छापील भाषा जड असते. सगळं वाचू नका. रकाना ३ मध्ये गुन्हा घडल्याची वेळ असते, तो बघा. रकाना ५ मध्ये ठिकाण असतं आणि ठाण्यापासून कोणत्या दिशेला किती अंतरावर तेही लिहिलेलं असतं. रकाना १२ मध्ये फिर्यादीची हकिकत असते. भावासाठी मी एका महिन्याच्या खबरी वाचल्या आणि वहीत तीनच गोष्टी टिपल्या: काय, कुठे, किती वाजता. त्यातून दिसलं की त्याच्या सोसायटीच्या आसपास घरफोडी जवळपास नव्हतीच. मोबाइल हिसकावण्याच्या घटना मात्र एकाच रस्त्यावर होत्या, संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान, आणि बहुतेकांच्या हकिकतीत तेच वाक्य: "मी पायी फोनवर बोलत जात असताना पाठीमागून दुचाकीवर दोन अनोळखी इसम आले." भावाला मी घर नाकारायला सांगितलं नाही. तो रस्ता फोन खिशात ठेवून चालायला सांगितलं.

वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. प्रथम खबर ही तक्रार असते, सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. त्यात नावं असतात, ती कुणाला पाठवू नका. आणि बाजारपेठ, रेल्वे स्टेशन किंवा एसटी स्टँड असलेल्या ठाण्याचा आकडा मोठाच असणार, कारण तिथे रोज हजारो बाहेरची माणसं येतात. स्टेशनवरच्या खिसेकापूचा तुमच्या गल्लीशी संबंध असेलच असं नाही.

एक वेगळी सूचना: २८१ आणि १०६ ही कलमं सोडून देऊ नका. सुरक्षितता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चोर आणि कोयता येतो. कोयता घेऊन गाड्या फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या पुण्यात होतात, त्या खोट्या नाहीत. पण मला विचाराल तर नव्याने आलेल्या माणसाला पुण्यात खरा धोका रस्त्याचा आहे. नऱ्हे-आंबेगाव भागात घर बघत असाल आणि रोज महामार्गाच्या उतारावरच्या नवले पुलावरून जावं लागणार असेल, तर तो उतार विचारात घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली होती. घरापासून बसस्टॉपपर्यंत जाताना महामार्ग ओलांडावा लागतो का, पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग आहे का, हे घरभाड्याइतकंच महत्त्वाचं आहे.

घर *विकत* घेणार असाल तर माहिती अधिकाराचा अर्जही करा. गेल्या तीन वर्षांत अमुक ठाण्यात घरफोडी, वाहनचोरी, हिसकावणं यांचे किती गुन्हे नोंदले गेले आणि किती उघडकीस आले, एवढंच विचारायचं. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. भाड्याच्या घरासाठी एवढी वाट बघणं परवडत नाही.

## ४. तीन वेळा जा, आणि पायी जा

एजंट तुम्हाला रविवारी सकाळी अकराला गाडीवर बसवून नेतो. रविवारी सकाळी अकराला सगळेच परिसर चांगले दिसतात.

सकाळी सातला जा, मग संध्याकाळी साडेसातला आणि रात्री तुमच्या रोजच्या परतीच्या वेळेला. बसस्टॉप किंवा मेट्रो स्टेशनवर उतरा आणि तिथून घराच्या गेटपर्यंत चालत या. पाच-सातशे मीटरचा हा रस्ताच तुमचा खरा परिसर आहे. रात्री सोबत कुणाला तरी घ्या.

माझ्या तिसऱ्या घराच्या वेळी मी असं चालले, ते सांगते. मुख्य रस्त्यावर पिवळा उजेड भरपूर. उजवीकडे वळल्यावर एक मेडिकल उघडं, त्याच्या शेजारी अंडाभुर्जीची गाडी, तिथे चार मुलं उभी. त्यापुढे एका बंद पडलेल्या बांधकामाची पत्र्याची भिंत होती, साधारण दीडशे पावलांची, आणि त्या भिंतीभर एकही दिवा नाही. खांब होते, दिवे गेलेले. पत्र्याच्या एका फटीतून आत-बाहेर जाण्याची पायवाट पडली होती. भिंत संपल्यावर सोसायटीचं गेट, तिथे झगमगाट. दिवसा मी त्याच भिंतीवरून दोनदा गेले होते आणि मला काहीच जाणवलं नव्हतं. घर मला आवडलं होतं, भाडंही बसत होतं. मी नको म्हणाले.

बघायच्या गोष्टी:

- लांब, आंधळी भिंत. जिच्या दोन्ही बाजूंनी कुठलीच खिडकी किंवा दुकान तोंड करून नाही, अशी. अंधारापेक्षा ती वाईट.
- रात्री दहानंतर काय उघडं असतं? मेडिकल, दवाखाना, दूध डेअरी, पोळीभाजी केंद्र असेल तर उत्तम. फक्त दारूचं दुकान आणि त्याबाहेर उभ्याने पिणारे असतील तर विचार करा.
- बायका, आजी-आजोबा, मुलं किती वाजेपर्यंत बाहेर दिसतात? नऊ वाजता बाई एकटी किराणा घेऊन चालली आहे, हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगतं.
- रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचा शाबूत आहेत का? सगळ्या गाड्यांना जाडजूड साखळ्या का लावल्यात?
- मोकाट कुत्री. रात्रपाळी असेल तर हा किरकोळ मुद्दा नाही.

वस्तीच्या नावावर जाऊ नका. जून २०२३ मध्ये भर दिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला तो सदाशिव पेठेत, पुण्याच्या जुन्या, मध्यमवर्गीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेठेत. तिला वाचवलं ते स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, त्या वेळी तिथून जाणाऱ्या तरुणांनी. "चांगला एरिया" हे नाव तिच्या कामी आलं नाही. रस्त्यावरची माणसं आली.

## ५. कुणाला, काय विचारायचं

"एरिया कसा आहे?" असं विचारलं की "चांगला आहे" हेच ऐकायला मिळतं. घरमालक आणि एजंट तर तेच सांगणार. इस्त्रीवाल्या काकांना विचारा, मेडिकलमध्ये विचारा, रात्रपाळीच्या वॉचमनना विचारा. सोसायटीत मुली भाड्याने राहत असतील तर त्यांना आवर्जून विचारा. प्रश्न नेमके हवेत:

"काका, तुम्ही दुकान किती वाजता बंद करता? आधी बंद करायला लागलात का?"
"गेल्या वर्षात इथून कुणाची गाडी गेली का?"
"पोलिसांची गाडी रात्री फिरते का? बीट मार्शल दिसतात का?"
"वॉचमनकाका, रात्री दोघं असता की एकटेच?"

आता थोडं स्पष्ट बोलते. हे विचारताना तुम्हाला कुणीतरी आवाज खाली आणून सांगेल, "तिकडे नको, तिकडे *ती* लोकं राहतात." कधी रोख धर्मावर असतो, कधी जातीवर, कधी झोपडपट्टीवर, कधी बाहेरून आलेल्या मजुरांवर. याला माहिती समजू नका. तिथे काय घडलं, कधी घडलं, हे त्या माणसाला विचारा, बहुतेक वेळा उत्तर येत नाही. मी चार वर्षं एका वस्तीला लागून राहिले. रात्री उशीर झाला की वस्तीच्या तोंडाशी बसलेल्या मावश्या विचारायच्या, "आज लई उशीर केलास गं?" त्या रस्त्याची मला कधी भीती वाटली नाही.

## ६. घर आतून बघताना

थोडक्यात सांगते, हे बहुतेकांना माहीत असतं. दाराला आतून-बाहेरून लॅच आहे की फक्त कडी-कोयंडा? फक्त कडी-कोयंडा असेल तर सेफ्टी डोअर किंवा चांगलं लॅच बसवून देण्याची अट घाला, खर्च निम्मा-निम्मा केला तरी चालेल. आधीच्या भाडेकरूकडे किल्ली राहिलेली असू शकते, त्यामुळे कुलपाचा सिलिंडर बदलून घ्याच. तळमजला आणि सगळ्यात वरचा मजला असेल तर खिडक्यांचे गज आणि गच्चीचं दार नीट तपासा. पाइपवरून बाल्कनीत चढता येतं का तेही बघा. सीसीटीव्ही आहे असं म्हणाले तर कार्यालयात जाऊन पडदा बघा आणि विचारा, किती दिवसांचं चित्रण राहतं? माझी गाडी गेली तेव्हा पार्किंगमधला कॅमेरा होता, आठ महिन्यांपासून बंद.

## ७. पैसे आणि करार: इथे फसवणूक होते

घर शोधतानाच गुन्हा घडू शकतो, हे कुणी सांगत नाही. ठरावीक प्रकार असा: जाहिरातीत सुंदर फ्लॅट, भाडं बाजारापेक्षा कमी. फोन केला की "मी सैन्यात आहे, बदली झाली, घर दाखवायला येऊ शकत नाही, टोकन पाठवा म्हणजे गेटपास काढतो." ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. तो दुसऱ्याच कुणाचा असतो. मग क्यूआर कोड येतो. पैसे *मिळवायला* क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाचं वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स-२ (घरखरेदीच्या नोंदणीचा उतारा) पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार पुरेसा नाही. या भाडेकराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, नोंदणी ऑनलाइन होते, बोटांचे ठसे घ्यायला एजंट घरी येतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये. याच्या वर एजंट जे मागतो ती त्याची मजुरी, ती आधी ठरवून घ्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. तेही नागरिक पोर्टलवर करता येतं आणि ते काम मालकाचं असतं, पण त्याच्यावर सोडू नका. भरून झालं की पोचपावतीची प्रत मागून घ्या. काही मालक टाळाटाळ करतात. मी ते धोक्याची खूण मानते.

## ८. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात

११२ हा आपत्कालीन क्रमांक, पोलीस-अग्निशमन-रुग्णवाहिका सगळ्यांसाठी. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. हे क्रमांक फोनमध्ये तर ठेवाच, शिवाय दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. चौकीचा थेट क्रमांकही त्यात लिहा.

शेजारच्या दोन घरांशी ओळख करून घ्या. गावाला जाणार असाल तर एका घराला सांगून जा, दारात दुधाच्या पिशव्या आणि वर्तमानपत्रं साठू देऊ नका. बंद दिव्याची तक्रार खांबाचा क्रमांक टाकून महापालिकेच्या अॅपवर करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. सोसायटीतल्या चार जणांनी स्वतंत्र तक्रार केली की काम लवकर होतं, हा माझा अनुभव आहे.

## ९. काही घडलंच तर

माझी गाडी गेली त्या सकाळी मी ज्या ठाण्यात गेले, तिथे "ही आमची हद्द नाही" असं सांगण्यात आलं. दुसरीकडे गेले, तिथून पुन्हा पहिलीकडे. तिसऱ्या दिवशी गुन्हा नोंद झाला. विमा कंपनीने पहिला प्रश्न विचारला तो उशिराचा, कारण प्रथम खबरीत उशिराच्या कारणाचा वेगळा रकानाच असतो. तो आठवा रकाना. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हे नीट वाचा.

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही पोलीस ठाण्याला, हद्द कुठलीही असली तरी, घ्यावी लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या कलम १७३ मध्ये हे आता स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे "हद्द नाही" म्हणाले तर शांतपणे म्हणा, "साहेब, कलम १७३ प्रमाणे झिरोने नोंद करा आणि तिकडे वर्ग करा." खबर ईमेलनेही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

कोणता कागद हातात मिळतो, ते बघा. साधा अर्ज, अदखलपात्र नोंद म्हणजे एनसी, गहाळ दाखला आणि प्रथम खबर, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मैत्रिणीचा फोन हातातून हिसकावला गेला होता आणि तिला "मोबाइल गहाळ झाल्याबाबत" असा दाखला देण्यात आला. तिला वाटलं तक्रार झाली. चोरी झाली असेल तर कागदावर "चोरी" किंवा "हिसकावून नेला" हेच शब्द हवेत. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, वेळ आणि ठिकाण तपासा. चुकलं असेल तर दुरुस्त करायला सांगा. फोन गेला असेल तर खबरीच्या प्रतीवरून संचार साथी पोर्टलवर आयएमईआय बंद करून टाका.

बायकांसाठी आणखी दोन गोष्टी. विनयभंग किंवा लैंगिक अत्याचाराची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. आणि साक्षीसाठी स्त्रीला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायला हवं. पुण्यात पोलीस आयुक्तालयात भरोसा सेल आहे, तिथे महिला, मुलं आणि ज्येष्ठांच्या तक्रारी ऐकून घेतात.

तरीही ठाण्यात नोंद घेतली नाही, तर हकिकत लेखी स्वरूपात तुमच्या परिमंडळाच्या (काही ठाण्यांचा मिळून केलेला विभाग) पोलीस उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, त्यासाठी वकील घ्या. पोस्टाची पावती फेकू नका, पुढे तारखेचा पुरावा तीच असते. आणि प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला मोफत आणि लगेच द्यायची असते. "उद्या या" म्हणाले तरी बाकावर बसून राहा, मिळाली की तिथेच फोटो काढून घरी पाठवा आणि मूळ कागद घरकराराच्या फाइलमध्ये लावून टाका.